घोटे आत पडतात: इनलाइनवरून बर्फावर गेल्यावर होणारा त्रास कुठून तपासायचा

रिंकवर उतरून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. आमच्या बॅचमधली नऊ वर्षांची पोरगी कठडा धरून उभी होती आणि मी तिच्या मागे होते. सोलापुरात सकाळच्या बॅचला ती मैदानाला फेऱ्या मारायला लागली की मोठी मुलंसुद्धा बाजूला होऊन तिला वाट देतात. इथे मात्र तिचे दोन्ही घोटे आत कोसळले होते. मागून बघितलं तर बुटांच्या आतल्या बाजू बर्फाला टेकायच्या बेतात होत्या. ती म्हणाली, "मावशी, दोन्ही पाय एकमेकांकडे पळतायत. मी काहीच करत नाहीये."

ती खरंच काही करत नव्हती. जे होत होतं ते बुटात होत होतं.

आजवर आमच्या बॅचबरोबर मी तीन वेळा बर्फावर जाऊन आले आणि तिन्ही वेळा निम्म्याहून जास्त लोकांना हाच त्रास झाला. पाच-सहा वर्षांच्या पोरांपासून साठी ओलांडलेल्या काकूंपर्यंत. तिन्ही वेळा कोणी ना कोणी एकच निदान केलं: "घोटे कमकुवत आहेत, व्यायाम करा." मग पोरं हिरमुसतात, मोठी माणसं "आपल्याला जमायचं नाही" म्हणून कडेला बसतात आणि इतक्या लांबचा प्रवास करून मिळालेले दोन दिवस हातचे जातात. म्हणून हे सविस्तर लिहितेय. घोट्यावर आळ सगळ्यात शेवटी घ्यायचा. त्याआधी बूट, लेस, ब्लेड आणि गुडघे तपासायचे, आणि ते याच क्रमाने.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. सोलापुरात बर्फाची रिंक नाही. आमची बॅच सकाळी सहाला सिमेंटच्या मैदानावर इनलाइन स्केटवर, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केटवर, शिकते, कारण मार्चनंतर नऊ वाजता तिथे पाय ठेववत नाही. बर्फ लागतो तेव्हा उत्तरेकडे जावं लागतं. शिमल्याची उघडी रिंक १९२० पासूनची आहे, पण ती थंडीवर चालते, डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र आणि रात्री गोठवणाऱ्या असतील तरच. देहरादूनला बंदिस्त रिंक आहे, गुरुग्रामला आहे. लेहला हिवाळ्यात तलाव आणि रिंक गोठतात, २०२४ आणि २०२५ साली खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांमधलं बर्फावरचं स्केटिंग तिथेच झालं. आपल्याकडून कर्नाटक एक्स्प्रेस थेट दिल्लीला जाते, त्यामुळे आम्ही दिल्लीच्या बाजूची बंदिस्त रिंक धरतो.

इथे नीट, तिथे का नाही?

बाजारात शिकाऊ लोकांसाठी जे इनलाइन स्केट मिळतात त्यांचा बूट टणक प्लास्टिकचा असतो आणि घोट्याच्या वर, नडगीपर्यंत, एक जाड प्लास्टिकची पट्टी असते. तिला बकल असतं. ते बकल आवळलं की घोट्याला आत-बाहेर पडायला जागाच राहत नाही. पाय बुटात सैल असो, टाच उचलली जात असो, वजन आतल्या बाजूला असो, ती पट्टी सगळं झाकून घेते. वर्ष-दोन वर्षं पोरगं झकास पळतं आणि आपल्याला वाटतं पाय तयार झाला.

बर्फावर भाड्याने मिळतो तो बूट बहुतेक ठिकाणी लेसचा असतो. त्याचा आधार बाहेरून लावलेल्या पट्टीत नसतो, तो बूट पायाला किती चिकटून बसतो आणि लेस कशी आवळली यात असतो. झाकणारं झाकण निघालं की आतलं दिसतं.

दुसरी गोष्ट ब्लेडची. इनलाइनचं चाक गोलाईचं असतं. ते थोडं कललं तरी लोळत राहतं. फिगर स्केटचं, म्हणजे बर्फावरच्या कलात्मक स्केटिंगच्या बुटाचं, ब्लेड साधारण ४ मिलिमीटर जाड असतं आणि त्याच्या तळाला लांबीच्या दिशेने एक उथळ पन्हाळी कोरलेली असते. त्यामुळे ब्लेडला एक धार नसते, दोन असतात: एक आतली, एक बाहेरची. पाय सरळ असेल तर दोन्ही धारा बर्फावर आणि माणूस सरळ जातो. घोटा आत पडला की सगळा भार आतल्या धारेवर, आणि ब्लेड पुढून-मागून किंचित वक्र असल्यामुळे ते आतल्या बाजूला वळायला लागतं. डावा पाय उजवीकडे, उजवा डावीकडे. पोरगी म्हणाली ते अक्षरशः खरं होतं, पाय एकमेकांकडेच पळत होते.

आमच्या बॅचमध्ये दोघं जण स्पीडचे, म्हणजे शर्यतीचे, स्केट वापरतात. त्या बुटाचे काठ घोट्यापाशीच संपतात, वर पट्टी नसते. त्या दोघांना बर्फावर हा त्रास झाला नाही. दोघंही आधीपासूनच घोटा स्वतः सांभाळायला शिकले होते.

आधी नीट बघा

उपायाकडे धावण्याआधी मोबाइल जमिनीलगत धरून मागून एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. उभं राहताना, दोन पायांवर घसरताना आणि एका पायावर जमेल तितकं. मग तो हळू गतीने बघा. समोरून काढलेल्या व्हिडिओत हे कळत नाही, गुडघे मध्ये येतात.

दोन्ही पाय पहिल्या मिनिटापासून पडत असतील तर संशय बुटाच्या मापावर आणि लेसवर घ्यायचा. एकच पाय पडत असेल तर त्या पायातलं ब्लेड किंवा तो बूट बघायचा. वीस मिनिटं छान गेली आणि मग पडायला लागले, तर लेस ढिली झाली आहे किंवा पाय दमला आहे, आणि लेस पुन्हा बांधली की कुठलं ते लगेच कळतं. दोन पायांवर सरळ पण एका पायावर गेलं की पडतो, तर गडबड गुडघ्यात आणि कमरेत आहे. ही चार रूपं ओळखता आली की निम्मं काम झालं.

सोलापुरातच आधी कळावं असं वाटत असेल तर इनलाइनची चाकं बघा. स्केट उलटा धरा, चाकं डोळ्यांच्या रेषेत आणा. आपण पायाच्या आतल्या बाजूने ढकलतो म्हणून आतली कड थोडी जास्त झिजणं रास्त आहे. पण चारही चाकं एखाद्या सोललेल्या पेन्सिलीसारखी एका बाजूने उतरती झाली असतील, किंवा एका स्केटची झीज दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त असेल, तर तो पाय बर्फावर पडणार हे आताच समजा. (चाकं पालटायची असतील तर पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या जागी, आणि झिजलेली कड बाहेर येईल असं फिरवून. पण पालटण्याआधी फोटो काढून ठेवा, तो पुढे उपयोगी पडतो.)

बूट मोठा असणं हे पहिलं कारण

आपल्याकडे पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची सवय आहे आणि तीच सवय बुटालाही लागते. शाळेच्या बुटाला ते चालून जातं. स्केटच्या बुटात एक नंबर जास्त म्हणजे टाच मोकळी, आणि टाच मोकळी म्हणजे घोटा मोकळा. घोटा टाचेवर उभा असतो, टाच बुटात सरकली की त्याच्या वरचं सगळं सरकतं.

माप असं घ्या. कोरा कागद भिंतीला लावून फरशीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवून पूर्ण वजन देऊन उभं राहा, पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. आलेलं मिलिमीटरचं माप हाच तुमचा खरा नंबर. बुटाच्या जिभेवर किंवा तळाला मिलिमीटरमध्ये किंवा सेंटिमीटरमध्ये माप छापलेलं असेल तर त्याच्याशीच ताडून बघा. रोजच्या चपला-बुटांचा नंबर इथे फसवतो, बरेच आइस स्केट त्यापेक्षा अर्धा ते एक नंबर लहान घ्यावे लागतात.

घालून बघताना सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे हलकेच लागायला हवीत, आणि गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे सरकायला हवीत. बोटं मुडपत असतील तर बूट लहान. चवड्यावर उभं राहिल्यावर टाच आत उचलली जात असेल तर मोठा. प्लास्टिकच्या इनलाइन बुटात आतला अस्तराचा मोजा बाहेर निघतो. तो काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा, टाचेमागे एक बोट जावं. दोन बोटं आरामात जात असतील तर तो बूट तुमचा नाही.

आता मोज्यांचं. आपण बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा उन्हाळा काढणारी माणसं. बर्फावर जायचं म्हटलं की घरची माणसं लोकरीचे मोजे विणतात, एकावर एक दोन चढवायला सांगतात. प्रेमाने सांगतात, पण नुकसान करतात. जाड मोज्यात पाय दाबला जातो, लोकर दाबून बसली की जागा सुटते आणि पाच मिनिटांत बूट मोठा होतो. शिवाय मोजा मोज्यावर घसरतो आणि टाचेला फोड येतो. एकच पातळ, पोटरीपर्यंत येणारा मोजा घाला. पाय गार पडतो तो बहुतेक वेळा लेस चुकीच्या जागी आवळल्यामुळे.

लेस: इथे घाई करू नका

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पाय इथे सुधारतात, आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. गेल्या खेपेला बॅचमधल्या एक काकू, वय बासष्ट, पहिल्या अर्ध्या तासात कठडा सोडायला तयार नव्हत्या. दोन्ही घोटे आत. त्यांना बाकावर बसवलं आणि सरांनी लेस पूर्ण सोडली, म्हणजे वरचे दोन हुक सोडून पाय कोंबला असं नव्हे, अगदी बोटांपर्यंत ढिली केली. जीभ बाहेर ओढून मधोमध बसवली. मग म्हणाले, "काकू, टाच जमिनीवर दोनदा आपटा." आपटल्यावर पाय मागे बसला. तो असा मागे बसलेला असतानाच लेस बांधायला घ्यायची, नंतर नाही.

लेसचे तीन टप्पे समजा. बोटांवरचा पहिला टप्पा, दोन-तीन जोड्या छिद्रांचा, नुसता बसता, आवळायचा नाही. तिथे आवळलं की रक्त अडतं, बोटं बधिर होतात आणि लोक म्हणतात बर्फाने पाय गारठला. दुसरा टप्पा पायाच्या उंचवट्यावरून घोट्याच्या वळणापर्यंत. खरा जोर इथे. प्रत्येक ओळ वेगळी ओढायची, एका हाताने ओढलेली धरून ठेवायची आणि दुसऱ्याने पुढची ओढायची, म्हणजे मागची सैल होत नाही. वळणाच्या जागी लेस एकमेकीत दोनदा फिरवली की तिथे ती अडकून राहते. तिसरा टप्पा वरच्या हुकांचा. इथे पुन्हा हात सैल. बांधून झाल्यावर बुटाच्या वरच्या काठात मागून दोन बोटं जायला हवीत, नाहीतर गुडघा पुढे वाकतच नाही. बहुतेकजण नेमकं उलटं करतात: वर करकचून आणि मध्ये ढिलं. वर आवळल्याने पाय घट्ट वाटतो, पण टाच मोकळीच राहते.

काकू उठल्या, दोन पावलं टाकली, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा बूट तोच आहे का?" तोच होता. घोटे पूर्ण सरळ झाले नव्हते, पण वीत-दीड वीत पावलं टाकत त्या कठड्यापासून सुटल्या आणि त्या दिवशी रिंकचा अर्धा फेरा त्यांनी केला.

दहा मिनिटांनी बाहेर येऊन लेस पुन्हा बांधायची. बूट गरम होऊन पायाला बसतो आणि लेस सैल पडते, पहिल्यांदा तर हमखास. पायाच्या कमानीत जळजळ होत असेल तर मधला टप्पा एक ओळ सैल करा.

भाड्याचा बूट आणि ब्लेड

लेसने फरक पडला नाही तर बूट हातात घ्या. घोट्याच्या जागी दोन्ही बाजूंनी दाबून, वरचा भाग आडवा वाकवून बघा. चांगला बूट विरोध करतो. शेकडो पायांनी वापरलेला बूट घोट्याजवळ आडव्या सुरकुत्या पडून एखाद्या जुन्या पिशवीसारखा मुडपतो. त्यात पहिलवानाचा पाय घातला तरी तो आत पडेल. असा बूट बदलून मागा. आम्ही एका ठिकाणी मागितला तेव्हा खिडकीवरचा माणूस म्हणाला, नवीन लोकांचं असंच होतं. सरांनी शांतपणे दोन्ही बूट त्याच्यासमोर वाकवून दाखवले, आणि तिसरी जोडी बरी मिळाली. पैसे दिलेत, बदलून मागण्यात संकोच नको, आणि पोरांना तर अजिबात वाटू देऊ नका की दोष त्यांचा आहे.

ब्लेडसाठी कंपासपेटीतली पट्टी न्या. स्केट उलटा धरा, पट्टी ब्लेडच्या तळावर आडवी ठेवा आणि टोकाकडून एक डोळा मिटून बघा. पट्टी ब्लेडशी काटकोनात दिसली तर दोन्ही धारा सारख्या. एका बाजूला झुकलेली दिसली तर एक धार उंच आहे. अशा ब्लेडवर माणूस कितीही सरळ उभा राहिला तरी ते त्याला एका बाजूला लोटतं. धार आहे की नाही हे नखाने कळतं: नखाचा वरचा भाग धारेवरून आडवा हलका फिरवला की पांढरा पातळ भुगा निघायला हवा. लहान मुलांना हे करू देऊ नका, आणि बोट ब्लेडच्या लांबीने कधीही फिरवू नका.

स्वतःचे आइस स्केट असतील तर तळाकडून आणखी एक गोष्ट बघा. टाचेच्या मध्यापासून अंगठ्याशेजारच्या बोटापर्यंत मनात रेघ ओढा. ब्लेड साधारण त्या रेघेवर बसलेलं असावं. ते बाहेरच्या बाजूला सरकून बसवलेलं असेल तर पाय आत पडणारच, आणि ते जाणकाराकडून स्क्रू सोडून सरकवून घेता येतं. घरी पेचकसाने हा उद्योग नको.

गुडघे आणि भीती

इथवर सगळं ठीक असेल, तरी घोटे पडू शकतात, आणि मग कारण उभं राहण्यात असतं. घाबरलेला माणूस दोन गोष्टी करतो: पाय फाकतो आणि गुडघे ताठ करतो. फाकलेले पाय म्हणजे आधार वाढला असं जमिनीवर वाटतं. बर्फावर पाय कमरेपेक्षा रुंद झाले की दोन्ही ब्लेड आपोआप आतल्या धारेवर जातात, घोटा कितीही मजबूत असला तरी. पाय जितके फाकाल तितके ते आणखी फाकतील किंवा वळून एकमेकांवर येतील. पाय कमरेच्या खाली आणा, दोन टाचांमध्ये स्वतःचं एक पाऊल मावेल इतकंच अंतर ठेवा.

गुडघे इतके वाकवा की वरून खाली बघितल्यावर लेसची गाठ गुडघ्याआड जाईल. गुडघा अंगठ्याकडे पडू न देता दुसऱ्या बोटाच्या दिशेने पुढे न्या. ताठ गुडघ्यात वजन टाचेवर जातं आणि माणूस मागे पडतो, डोकं आपटतं. शिकाऊ माणसाला सगळ्यात धोक्याचं पडणं ते. म्हणून हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड, वय कितीही असो.

संक्रांतीच्या आधी सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांचा, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्यांचा, सराव ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना मी हे एका वाक्यात सांगते. काठी पेलणाऱ्याची मान वर असते, पण काम सगळं कमरेखाली चालतं. काठी कलली की तो हातांनी ओढाताण करत नाही, गुडघ्यातून खाली बसून पाय तिच्या खाली नेतो. आमच्या बॅचमधला एक कॉलेजचा मुलगा सरावाला जातो. त्याला बर्फावर गुडघे वाकवायला कोणी सांगावं लागलं नाही. बाकीच्यांना तासातून पन्नास वेळा सांगावं लागतं आणि ते सांगत राहावं लागतं, यात चिडण्यासारखं काही नाही, शरीर भीतीने ताठ होतंच.

सरावाचा क्रम: आधी जागेवर पाय उचलून चालणं, मग चार पावलं चालून दोन पायांवर घसरणं, मग लिंबू. लिंबू म्हणजे टाचा जुळवून सुरुवात, पाय बाहेर गोल नेऊन पुन्हा बोटं जुळवणं, बर्फावर लिंबाचा आकार उमटतो. लिंबात पाय आतल्या धारेवर आपण मुद्दाम नेतो आणि मुद्दाम परत आणतो, त्यामुळे घोटा "पडणं" आणि घोटा "नेणं" यातला फरक पायाला कळायला लागतो. त्यानंतरच एक पाय उचलून तीनपर्यंत मोजणं.

सोलापुरात निघण्याआधी करायचं

सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट अशी. इनलाइनचं वरचं बकल एक-दोन खाचा सैल करून, अगदी हळू, दहा मिनिटं. ज्यांना दोन पायांवर नीट घसरता आणि थांबता येतं त्यांनीच, सगळे पॅड घालून, सपाट जागी, शेजारी मोठं माणूस असताना. पहिल्या दिवशी पाय लटपटतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटा स्वतः उभा राहतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला ज्यांनी हे निघण्याआधी सहा आठवडे केलं त्यांचे पाय बर्फावर लवकर सावरले. ती नऊ वर्षांची पोरगी त्यांतलीच. पुढच्या वेळी लेस नीट बांधून उतरली आणि पहिल्याच दिवशी एका पायावर पाचपर्यंत मोजून आली.

व्यायाम दोनच सांगते, कारण ते घरात होतात आणि सामान आपल्या गावचंच आहे. एक टॉवेल फरशीवर पसरा, खुर्चीवर बसा, टाच टेकलेली ठेवून बोटांनी टॉवेल आपल्याकडे गोळा करत आणा. दोन्ही पायांनी पाच-पाच वेळा. हा कमानीच्या स्नायूंचा व्यायाम. दुसरा: सोलापुरी चादर चार-पाच घड्या घालून जाड करा आणि अनवाणी, एका पायावर, दात घासता घासता उभं राहा. चादर पायाखाली दबते-उसळते आणि घोट्याला सतत दुरुस्ती करावी लागते. ज्येष्ठांनी बेसिनचा काठ धरून करावं.

तळवा सपाट आहे का हे ओला पाय कोरड्या शहाबादीवर ठेवून कळतं. पूर्ण पावलाचा ठसा उमटला, आतली कमान दिसलीच नाही, तर कमानीचा आधार देणारा सोल बुटात घालून बघा. लहान मुलांचे तळवे बरेचदा सपाटच असतात आणि वाढीबरोबर कमान येते, त्याची धास्ती घेऊ नका. पण एकाच पायाची कमान बसलेली असेल, घोटा सुजत असेल, जुना मुरगळलेला घोटा पुन्हा दुखत असेल किंवा स्केट काढल्यावरही मूल लंगडत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर थांबा. पन्नाशीपुढच्यांनी सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांशी बोलावं, विशेषतः चक्कर येण्याची किंवा हाडं ठिसूळ असण्याची तक्रार असेल तर.

आमच्या बॅचमधून मे महिन्यात जे येणार आहेत त्यांच्यासाठी: पिशवीत पातळ मोज्यांच्या तीन जोड्या, एक जास्तीची लेस, कंपासपेटीतली पट्टी आणि स्वतःच्या पायाच्या मापाचा तो कागद. आणि येत्या रविवारी सहाला मैदानावर इनलाइन घेऊन या. चाकं धुऊन, पालटून आणू नका. आहेत तशीच आणा, सरांना झीज बघायची आहे.